थखीऱ्यापर्यंत एकटी

बुध., १५ जाने.
एचआरची मेल आली. मार्चमधल्या रजेचं रविवार सकाळी दहापर्यंत पक्कं कळवा.

रात्री जेवताना अजितला नकाशा दाखवला. स्पेन, बारा दिवस, एकटी, सायकलवर, खेड्यापाड्यांतून. नवरा म्हणून त्याने पहिला प्रश्न विचारला, "पंक्चर झालं तर?" दुसराही तोच. मी एक्कावन्न वर्षांची आहे याची आठवणही करून दिली, जशी काही मी विसरले होते.

चिडून मीच अट घातली. शुक्रवारी इथून, म्हणजे आखातातल्या आमच्या उम्म सलालहून, सुमैस्मा, अल खोर, थखीरा आणि परत. नव्वद किमी. कुणाची मदत नाही. जमलं तर रजा टाकणार. नाही जमलं तर खलास, स्पेनचं नाव काढणार नाही.

अजितची एकच मागणी, मोबाइलवर लाइव्ह लोकेशन चालू ठेव. बरं म्हटलं. चूक झाली.

शुक्र., १७ जाने.
पावणेसहाला निघाले. समोरून वारा, असा की पायडल मारतेय की उभी आहे कळेना. तरी मजेत होते. पहिले वीस किमी.

सुमैस्म्यात चहाला थांबले. कॅफेटेरियावाला दापोलीचा निघाला. "ताई, तुमच्या मिस्टरांचा फोन आलता. पानी भरून ठेवलंय, आन् अंडा पराठा बी बांधलाय." गोड माणूस, त्याच्यावर काय चिडणार. पराठा घेतला. मग पुढचे दहा किमी अजितवर चिडत काढले.

अल खोरला शिरताना अजितच्या ऑफिसातले देशपांडे, सौ.सकट, गाडीपाशी थर्मास घेऊन उभे. "काय योगायोग बघा." सुट्टीच्या सकाळी साडेआठला कोण योगायोगाने थर्मास घेऊन उभं राहतं? सौ. म्हणाल्या, "वहिनी, सायकल मागे टाका, थखीरा दाखवून आणतो." हसले. दात ओठ खाऊन हसले.

ते गेल्यावर लोकेशन बंद. अजितला मेसेज टाकला, माझी वरात काढू नकोस. त्याचं उत्तर आलं, "ओके."

थखीऱ्याच्या अलीकडे मागचं चाक बसलं. ट्यूब बदलायला घरी सात मिनिटं लागतात. इथे घाई केली, टायर चढवताना नवी ट्यूब चिमटली, फाटली. दुसरी आणलीच नव्हती. यादी मी केली होती, दुसऱ्या कुणाला बोल लावणार?

सायकल ढकलत गावात पोचले तर जुम्म्याच्या नमाजाची वेळ, सगळी शटर खाली. अठरा वर्षं इथे राहून हे मी विसरावं! बंद दुकानाच्या पायरीवर बसले. जुन्या ट्यूबला पॅच लावला, निघाला. पुन्हा लावला, निघाला. एका पिकअपवाल्याने विचारलं, "मॅडम, लिफ्ट चाहिए?" नाही म्हटलं. तो गेल्यावर रडू आलं. पाणी अर्धी बाटली.

बारा दहाला लोकेशन परत चालू केलं. फोन नाही, मेसेज नाही. फक्त चालू केलं.

आणि वाट पाहिली. पाऊण तास. कुणी आलं नाही. याचाही राग आला, हे लिहून ठेवते.

चौथा पॅच धरला. परतीला वारा पाठीशी होता. सव्वाचारला घरी. अजितने खिचडी केली होती. ईशा दारातूनच म्हणाली, "आई, यू लुक टेरिबल." बाकी कुणी काही विचारलं नाही.

शनि., १८ जाने.
मांड्या दगड. अजित सकाळपासून फोनवर, आधी देशपांड्यांना, मग पुण्याला. "एकटीने केलं. पंक्चर काढून परत आली." मी खोडून काढलं नाही.

दुपारी न राहवून विचारलं, लोकेशन दिसलं होतं का?

"दिसलं. गाडीची किल्ली घेऊन सोफ्यावर बसलो. ठिपका हलेचना."

मग आला का नाहीस?

"तू बोलावलं नव्हतंस. एक वाजता निघणारच होतो, तेवढ्यात ठिपका हलला."

म्हणजे त्याने काहीच केलं नाही. मदत नाहीच झाली. अट पाळली गेली, कागदावर तरी. पण पाऊण तास मी ज्या पायरीवर बसले होते तिथे मी एकटी नव्हते, आणि तशी सोय मीच करून घेतली होती. हे त्याला सांगितलं.

त्याने फोन बाजूला ठेवला. मग म्हणाला, "मार्चमध्ये ठिपका बघत बसू नको का मी?"

नको म्हणायला हवं होतं. तोंडातून निघालं नाही.