भर्माकाकांनंतरचं पाणी

तीर्थस्वरूप यल्लाप्पाअण्णा,
धाकट्या परशरामाचा हुबळीहून दंडवत.

विसर्जनादिवशी सकाळी उणकल तळ्यावर गणपती मी शेजाऱ्याच्या हाती दिला नाही. स्वतः कमरेभर पाण्यात उतरून सोडला. भर्माकाका गावच्या तळ्यात बुडाल्यापासून आपल्या घरात कोणी असं केलं नव्हतं. देव कोपला नाही. इथं सगळे बरे आहेत.

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "पोरीला समुद्रात घालतोस? डोकं फिरलंय काय रे तुझं?" लेक पद्मा शेजारीच होती. हसून म्हणाली, "अप्पा, थोरल्या काकांना सांगा, पाण्याखाली श्वास घ्यायची परीक्षा पास झालेय मी."

रविवारी पहाटे गाडीनं यल्लापूरवरून मुरुडेश्वर, आधी शंकराचं दर्शन, मग बोटीनं नेत्राणी बेट, तिथं पद्मा समुद्रात बुडी मारणार, असं ठरलंय.

अण्णा, भर्माकाकांची आठवण मी जपेन, पण आपली भीती पोरीच्या ओटीत घालणार नाही. झोप मलाही लागत नाही, हे खरं. वहिनींचा गुडघा कसा आहे? आईला यातलं किती सांगायचं ते तुम्हीच ठरवा.

पोहता न येणाऱ्यांनाही तिथले शिक्षक हात धरून पाण्याखाली नेतात. आज बुडी मारणाऱ्यांच्या यादीत पद्माच्या नावाखाली मी माझंही नाव घातलं.

तुमचाच,
परशराम