कडी क्रमांक ४१७

२ मे
बोटीत दोनदा ओकले, तरी धक्क्यावर उतरले ती हसतच. स्कारव्हे बेटावर झाड एकही नाही, पक्षी मात्र अपार. इथल्या पक्षी-अभ्यास केंद्राचे प्रमुख टॉर्मॉड माझी बॅग उचलताना म्हणाले, पदवीचं वजन बरंच दिसतंय. आमच्या घरात पदवीधर मी पहिलीच. बाबा अजून कारखान्यात मासळी कापतात. मोसमाअखेर टॉर्मॉडनी शिफारस केली तर पक्ष्यांना कड्या घालायचा परवाना मिळेल.

५ मे
पकड जमली. पाठ तळहातात, मान दोन बोटांच्या मध्ये, बाकीची बोटं नुसती टेकवायची. पायात कडी, मग वजन, मग सोडायचं आणि लगेच नोंद. टॉर्मॉड पुन्हा पुन्हा बजावतात, "पोरी, पक्षी उडून जातो. वहीत लिहिलंस तेवढंच उरतं."

९ मे
रणगोज्याचा नर, चिमणीएवढा. कडी ४१७, वजन २५ ग्रॅम. वाऱ्याने दार आपटलं, मी दचकले, मूठ आवळली गेली. त्याची मान कलंडली. टॉर्मॉड बाहेर जाळी सांधत होते. मी त्याला दगडी कुंपणाच्या फटीत पुरलं आणि वहीत लिहिलं: सोडला. पहिल्याच आठवड्यात पक्षी मारणारीला परवाना कोण देणार?

११ मे
जाळीत रणगोजा. कडी ४१७. उबदार, छाती धडधडणारी. कुंपणाची फट उकरून पाहिली, आत काही नाही. टॉर्मॉड खूश. म्हणाले, तुझ्या पाहुण्याला इथलं जेवण आवडलेलं दिसतंय. मी हसले. तेव्हापासून पाठीवर ऊब जाणवते, कुणी तळहात ठेवावा तशी.

१२ मे
पुन्हा ४१७. त्याला हातात घेतलं तशी माझ्याच मानेला दोन्ही बाजूंनी काहीतरी टेकलं. जाड, कोमट. अजून आहे.

१३ मे
भर दुपारी, जेवताना — डाव्या घोट्याला गार धातू. वाकून पाहिलं. दिसत काही नाही. बोटांना मात्र लागतं. गोल. अंकही —

१४ मे, सकाळ
टॉर्मॉडना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "परवाना विसर. पण ती नोंद तुझ्या हातची आहे, तूच खोड." वही आणायला गेलेत.

बसल्या जागेवरून हलता येत नाही. पाठ, मान, सगळं धरलंय, लिहिता हात तेवढा मोकळा — हळुवार, मी धरायची तसंच. आवळत नाहीये. खोडलं की सोडेल. सोडेलच.

टॉर्मॉड दार उघडंच टाकून गेले. वारा उठलाय.

दार हलतंय — त्यांना हाक — आवाज फुटत ना —

देवा, मला जे धरून आहे ते दचकू नये — दार आप