कपाळापर्यंत आलं तरी धरायचं

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ५.४०
आजपासून सुरुवात. आमचा पियुष अग्निवीरच्या लेखी परीक्षेत निघाला. आता मैदानी राहिली. १२ जानेवारीला, नागपूरला. मार्चमध्ये त्याचं वय संपते, म्हणजे हा शेवटचा चान्स. रनिंगची काळजी नाही, पोरगा हरणासारखा पळतो. प्रश्न बीमचा. दहा मारले की पूर्ण मार्क, सहाच्या खाली आले की सरळ घरी. (नेटवर शोधताना पुल-अप असं टाकावं लागते. बीम टाकलं की स्लॅबचे फोटो येतात.)
कोच मी स्वतः. बोरी अरबात दुसरा लायक माणूस नाही. ९९ च्या भरतीत मी १४ मारले होते. छाती अर्धा इंच कमी भरली म्हणून राहिलो, हे सगळ्या गावाले माहीत आहे.
अंगणात दोन खांब गाडून बोअरचा जुना पाईप आडवा वेल्डिंग करून घेतला. नारळ फोडला. पहिला बीम मीच मारून दाखवणार होतो, पण ऑफिसची पँट घातलेली होती.

५ नोव्हेंबर
तक्ता तयार केला. पंचायत समितीतली अठरा वर्षांची नोकरी इथं कामी येते. शून्य ते तीन, नवशिका. चार ते आठ, मध्यम. नऊ ते चौदा, चांगला. पंधराच्या वर, उत्तम. नवशिक्यानं आधी नुसतं लटकायचं. मग स्टुलावरून वर जाऊन सावकाश खाली यायचं. मग एक-एक वाढवायचा.
वजनानुसार वेगळा तक्ता आहे. तो उतरवला नाही.
स्वतःला 'मध्यम'मध्ये टाकलं. अनुभव धरून.

६ नोव्हेंबर
पियुष रनिंगला गेल्यावर स्वतः ट्राय केला. प्रगती निरंक. पाईप थंड होता.

७ नोव्हेंबर
निरंक. पाईप जाड आहे, मुठीत बसत नाही.

८ नोव्हेंबर
अर्धा झाला! कपाळ पाईपापर्यंत आलं. दोन सेकंद पाईप अगदी जवळून पाहिला. वेल्डिंगवाल्यानं काम कच्चं केलं आहे.

९ नोव्हेंबर, रविवार
आजचा दिवस वाईट.
भावसिंग आले. तांड्यावरचे, फौजेत सतरा वर्षं काढून नायक म्हणून रिटायर झाले. म्हणाले, पोराले सकाळी माह्याकडे पाठवत जा, मी करून घेतो तयारी. पैसा-बिसा काही नको. मी म्हणालो, आमचं घरीच शास्त्रशुद्ध चालू आहे. तर म्हणाले, पाहू द्या बरं.
पियुषनं आठ मारले. भावसिंगनी पाच मोजले. म्हणाले, ठुड्डी पाईपाच्या वर गेली पाहिजे, नाहीतर फौज धरत नाही. इथवर ठीक होतं. मग माझ्याकडे वळले आणि म्हणाले, प्रफुल्लभाऊ, तुमी तर चौदा वाले, एक दाखवा बरं पोराले.
बायको, कोकिळा, दारात येऊन उभी. पियुष एकदम खूश, त्यानं मोबाईल काढला. म्हणे, बाबाचा व्हिडिओ घेतो. पळायले जागा नव्हती. लटकलो. सगळा जोर लावला. कपाळापर्यंत गेलो आणि तिथंच थरथरत राहिलो. मग खाली.
मी म्हणालो, हा एक. भावसिंग म्हणाले, हा नाई झाला जी. मी म्हणालो, आमच्या वेळी कपाळ पाईपापर्यंत आलं तरी धरायचे, नियमच होता तसा.
हे कुठून सुचलं मले माहीत नाही. भावसिंग चहा न घेता गेले.
पियुष म्हणाला, बाबा, मंग माहेही आठच धरायचे न?
आता काय म्हणणार? हो म्हणालो.

१० नोव्हेंबर
नवीन नियम आजपासून लागू. कपाळापर्यंत आलं तरी धरायचं. पियुष ८, मी १. घराची एकूण कामगिरी ९, म्हणजे 'चांगला'.

१९ नोव्हेंबर
पियुष ९. मी २. दुसऱ्यात टाळूपर्यंतच गेलो, पण माझे केस मागं सरकलेले असल्यानं कपाळ नेमकं कुठं संपते हे सांगता येत नाही. संशयाचा फायदा दिला.

३० नोव्हेंबर
कोकिळा सकाळी-सकाळी सुरू झाली. काहून नाई पाठवत जी पोराले भावसिंगदादाकडे? फौजेतला माणूस स्वतःहून शिकवतो म्हणून राह्यला, अन् तुमी अडून बसले. मी म्हणालो, दोघांच्या पद्धती वेगळ्या, गोंधळ होईल. ती म्हणाली, कोणाचा?
ऑफिसला उशीर होतो सांगून निघालो. बसस्टँडवर आठवलं की रविवार आहे. तिथंच दीड तास बसलो.

१४ डिसेंबर
पियुष ११!! अकरा!
टपरीवर सगळ्यांना सांगितलं. चहा पाजला. भावसिंग तिथंच बसलेले होते. एवढंच विचारलं, ठुड्डी? मी म्हणालो, सगळं व्यवस्थित आहे. म्हणाले, मंग बढिया. बोलताना त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं. ही त्यांची सवय मले आवडत नाही.

२२ डिसेंबर
संध्याकाळी पियुष जवळ येऊन बसला. म्हणाला, बाबा, मी व्हिडिओ पाहून राह्यलो, सगळे हनुवटी वर नेतात. मी बी एकदा तसंच करून पाहू काय?
केलं. पाच झाले. सहाव्याला लटकूनच राहिला. खाली आला तेव्हा तोंड एवढंसं झालं होतं. मले पाहवलं नाही. म्हणालो, अरे, ते व्हिडिओत दाखवण्यापुरतं असते. हजारो पोरं येतात मैदानावर, एवढं बारीक कोण पाहते? कॉन्फिडन्स ठेव.
त्याचा चेहरा लगेच खुलला. म्हणाला, तुमाले माहीत असन न बाबा, तुमी तर भरती देलेली हाये.
जेवण गेलं नाही. दोनच पोळ्या खाल्ल्या. कोकिळानं विचारलं तर म्हणालो, ॲसिडिटी.

३ जानेवारी
सांगून टाकावं का? नऊ दिवस उरले. नऊ दिवसांत पाचाचे दहा होत नाहीत, पण सहा होऊ शकतात. सहा झाले तरी पोरगा आत राहतो. भावसिंग अजूनही शिकवतील. फक्त जाऊन म्हणावं लागेल.
पण पोराचं मनोबल खचेल. उद्या पाहू.

४ जानेवारी
उद्या.

५ जानेवारी
तांड्याच्या फाट्यापर्यंत गेलो. भावसिंग बाहेरच बाजेवर बसलेले दिसले. गाडी वळवली. पेट्रोल कमी होतं.

१२ जानेवारी, सोमवार. नागपूर
पहाटे चार वाजता आत गेला. पालकांना गेटबाहेर ठेवतात. रनिंगमध्ये पहिल्या ग्रुपात आला, हे आतून आलेल्या एका पोरानं सांगितलं. मी आजूबाजूच्या सगळ्या बापांना सांगितलं. एकाला म्हणालो, बीमची तर चिंताच नाही.
साडेनऊला पियुष बाहेर आला. एकटा.
बारा मारले म्हणाला. हवालदारानं चार मोजले. बाकीच्या दर वेळी म्हणे, ठुड्डी ऊपर नहीं गई, नहीं गिना. पियुष म्हणाला, बाबा, मले वाटलं तो मोजायले विसरून राह्यला, म्हणून मी मारतच गेलो. हात सुटेपर्यंत.
तळहात दाखवले. सोलून निघालेले होते.
यवतमाळच्या बसमध्ये बसलो. त्यानं मले खिडकीची जागा दिली.

१३ जानेवारी
हे इथं पहिल्यांदा लिहून राह्यलो.
९९ साली मी बीमपर्यंत गेलोच नव्हतो. रनिंगच्या दुसऱ्या राउंडले दम भरला अन् मैदानातच खाली बसलो. एका फौजीनं बखोटीले धरून बाजूच्या गेटातून बाहेर काढलं. बाहेर अर्धा डझन केळं खाल्ले अन् गावात येऊन छातीची गोष्ट सांगितली. माही छाती कोणी मोजली नाही. चौदा सोडा, त्या दिवशी पाईप दुरूनसुद्धा पाहिला नाही.
ही वही मी सोडून कोणी वाचत नाही. तरी इथंही १४ लिहिले. लाज वाटते. खरंच लाज वाटते.
माह्या एका खोट्या बीमपायी पोराचे आठ गेले.
आज जेवताना पियुषले सांगणार.

१३ जानेवारी, जेवणानंतर
जेवताना कोकिळा होती.

१५ जानेवारी
कोकिळा माहेरी गेली. पियुष अन् मी दोघंच होतो. वरण त्यानं लावलं. मीठ बरोबर पडलं होतं. तसं सांगितलं. एवढंच सांगितलं.

१८ जानेवारी, रविवार
पियुषले म्हणालो, चल, टपरीवर चहा घेऊ. ठरवूनच गेलतो, की रस्त्यात सांगून टाकायचं. रस्ता लहान पडला.
तिथं पाच-सहा जण होते. भावसिंगही. एकानं पियुषले विचारलं, काहून रे, तुहा बाप तर सांगे, पोरगा अकरा मारते, मंग चारच कसे? दुसरा म्हणाला, कोच कोण होता पण याचा? सगळे हसले. भावसिंग हसले नाहीत. ते माह्याकडे पाहत होते. रागानं नाही. मी बोलतो काय, याची वाट पाहून राह्यले होते.
मी तोंड उघडलं. देवाशपथ उघडलं होतं.
तेवढ्यात पियुष म्हणाला, बाबाची काही चूक नाई. हनुवटी वर ने म्हणून रोज ओरडत होते ते, मीच आळस केला.
हे म्हणताना त्यानं माह्याकडे पाहिलं नाही. म्हणजे त्याले सगळं माहीत आहे. कधीपासून, कोणास ठाऊक. भावसिंगनी मान खाली घातली. टपरीवर सगळे माह्याकडे पाहू लागले, की बाप आता काय म्हणते.
मी म्हणालो, आज चहात साखर कमी आहे.