सतराव्या नळीतला शोध

ती. वहिनी,

वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा जमेल तेवढंच वाकून). दादाचा गुडघा आता जिना चढू देतो का? तुम्ही पाठवलेलं हातांचं क्रीम फार छान आहे. इतकं छान, की सध्या ते माझ्या प्रबंधात आहे.

झालं असं. माळावरच्या त्या काटेरी झुडपाची पानं (दादा त्याला तण म्हणतो, आणि तो अगदीच चूक नाही) सावलीत वाळवली, कुटली, अल्कोहोलात भिजवली. मग अर्कातली फिनॉलं, म्हणजे चहाला तुरटपणा देतात त्या जातीची द्रव्यं, वेगळी करायला तो अर्क उभ्या काचनळीतून थेंबथेंब उतरवला. चौसष्ट परीक्षानळ्या भरल्या. सतराव्या नळीत असं फिनॉल निघालं, जे या झुडपात आजवर कोणालाच सापडलेलं नाही. आमचे मार्गदर्शक सर (माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, पण मला ‘बाई’ म्हणतात) खुर्चीतून उठले. सर सहसा उठत नाहीत. त्यांनी लगेच लेख लिहायला घेतला. चार वर्षांत माझ्या हाती लागलेलं हे एवढंच.

पण आनंद झाला की मला आधी स्वतःचाच संशय येतो. पुस्तकं चाळली, तर हेच द्रव्य क्रीम टिकावं म्हणून त्यात घालतात. तुमच्या क्रीमचा वाटाण्याएवढा गोळा अल्कोहोलात ढवळून तपासला. तपासणीच्या पट्टीवर सतराव्या नळीचा होता तोच ठिपका, त्याच उंचीवर. मग आठवलं: बूच सापडेना, म्हणून सतरावी नळी मी अंगठ्याने बंद करून हलवली होती. पहिल्या वर्षाच्या मुलांना यावरून मीच रागावते.

सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “बाई, शोध लावणारे पुष्कळ भेटतात, परत करणारं कोणी भेटत नाही.” मला भरून आलं.

तुमची,
नणंद

ता. क. सरांशी झालेलं बोलणं अजून झालेलं नाही. कसं वाटतं ते लिहून पाहिलं. विनंती एवढीच, की पत्र मिळताच फोन करून “सांगितलंस का?” असं विचारा. तुमच्याशी खोटं बोलणं मला जमत नाही (वर जमलं, पण ते लेखी).

ता. क. २. पत्र टाकायला निघाले, तर सर जिन्यातच भेटले. सांगून टाकलं. म्हणाले, “लेख सकाळीच नियतकालिकाकडे गेला, बाई. आता मागे घ्यायचं पत्र तुम्हीच लिहा.” चार ओळींचं काम आहे. त्या टाळायला तुमचं पाकीट पुन्हा फोडलं, तर या कागदावरही जागा संपली.