तीन बोटांची नांगी

१२ ऑगस्ट १९७४
तीन बोटं! खेकड्याच्या नांगीला दोन असतात, चिमट्यासारखी. हिला तीन! आणि निघाली कुठं, तर सुनेच्या ताटात!
सत्यशीलेला सातवा महिना. खेकड्याच्या कालवणाचे डोहाळे लागले, म्हणून मीच ओढ्यात उतरलो. सहा धरले. मला दात नाहीत, भाकर कुस्करून जेवलो. कालवणात गर भरपूर – फार दिवसांनी असं जेवलो. हात धुवायला उठलो तर चुलीजवळ तिच्या पुढ्यातल्या ताटात टरफलं, आणि वर ही नांगी. आतून रिकामी. म्हणजे खाल्ली!
गुपचूप उचलली. बायकोनं, कांताबाईनं, पाहिलंच. “सुनेच्या ताटात काय हुडकून राह्यले वो? पोट भरलं न्हाई का?”
नांगी तंबाखूच्या डबीत घातली. बाळाला बोटं किती येतील?

१३ ऑगस्ट
कोणाला सांगू? छप्पन साली दीक्षा घेतल्यावर घरोघर मीच ओरडत फिरलो – गंडे सोडा, दोरे सोडा, नजर-बिजर सगळं खोटं! आता कोणत्या तोंडानं विचारू? देवानंद तर मास्तर. पोटचा पोरगा, पण बापाला बाकावर उभा करील.

१६ ऑगस्ट
शेजारच्या बद्रीनाथला आडून विचारलं. म्हणाला, “आमच्या चुलतीनं जुळं केळ खाल्लं, जुळी झाली. बिलकुल खरं!”
“अन् खेकडा खाल्ला तर?”
“मंग पोरगं आडवं चालंल. कोन खाल्ला?”
“कोणी न्हाई!”
डबी खिशात दाबून घरी आलो.

२१ ऑगस्ट
मंठ्याला गेलो. घरी सांगितलं, चष्मा दाखवायचा. हायस्कूलच्या सायन्सच्या सरांपुढं डबी उघडली. त्यांनी तपकीर समजून बोट घातलं!
मग नांगी भिंगातून पाहिली. म्हणाले, “बाबा, खेकड्याची नांगी तुटली तर नवी येते. नुसती जखम झाली तर कधी भलतीच फांदी फुटते. त्याचा पोटातल्या बाळाशी काय संबंध? कोंबडी खाणाऱ्याला पंख फुटले का?”
बराबर! हलका होऊन आलो. येताना शेवचिवडा घेतला.

२२ ऑगस्ट
बद्रीनाथ जन्मभर बोकडाचं मटण खातो. आज त्याची दाढी नीट पाहिली.
पुन्हा चैन नाही.

७ सप्टेंबर
सत्यशीला दारातून आडवी आली! डोक्यावर घागर, आणि चालली तिरपी! मी ओरडलो, “सरळ चाल!” बिचारी दचकली, अर्धी घागर सांडली.
कांताबाई माझ्यावर धावली. “आठवा लागलाय तिला. एवढं पोट घेऊन ह्या दारातून सरळ मावंल का? तुम्हीच चालून दाखवा!”
दार रुंद करून घ्यावं म्हणतो.

१४ ऑक्टोबर
कळा सुरू झाल्या. सुईण आत. डबी खिशात, हात डबीवर.

तीच तारीख, संध्याकाळ
मुलगी! कांताबाई बाहेर आली तसा विचारलं, “बोटं किती?”
“काय?”
“आधी मोजून ये!”
आत गेली, बाहेर आली. “ईस हायेत. पुरी का अजून पायजे?”
मी ओट्यावर बसून रडलो. कांताबाईला वाटलं, मुलगी झाली म्हणून. चांगलीच बोलली मला. ऐकून घेतलं.

१९ ऑक्टोबर
राहवलं नाही. सत्यशीलेपुढं डबी उघडली, सगळं कबूल केलं. ती पोट धरून हसली.
“मामा, ती नांगी मी कुठं खाल्ली? तुम्हाला दात न्हाईत. मी फोडून गर काढून राह्यल्ते, आत्याबाई तुमच्याच ताटात वाढत व्हत्या. साही खेकड्यांचा!”
“अन् तू?”
“मी रसा खाल्ला.”
डोहाळे तिचे, आणि खाल्लं मी!
माझ्याच हाताची बोटं मोजली. दहा. पायाची पण मोजली.
उद्या ओढ्यावर जातो. वरवंटा मी घेणार, नांग्या मी फोडणार. रसा मी खाणार.