बंद दाराबाहेरचा बाक

३ फेब्रुवारी

काल ग्लेन बाकावर बसला! शाळामंडळाचा अध्यक्ष, आणि बंद बैठकीतला अर्धा तास बाहेर कॉरिडॉरमध्ये, शिक्षा झालेल्या पोरासारखा. नियमच आहे तसा. गावच्या शाळा चालवायला निवडून दिलेले आम्ही पाच जण. नोकरीचा विषय निघाला की दार बंद करून बसतो. ज्याच्या घरच्या माणसाचं नाव निघेल त्यानं उठून बाहेर जायचं. ग्लेनचा पुतण्या हायस्कुलात फुटबॉल शिकवतो.

आत काय झालं ते बाहेर सांगायचं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. तसा कायदाच आहे. पण कॉरिडॉरला काचेचं दार आहे आणि बाक अख्ख्या गावाला दिसतो! आज दवाखान्यात पहिल्याच पेशंटनं खुर्चीत टेकायच्या आधी विचारलं, "काय गं आयरीन, ग्लेनच्या पुतण्याला नारळ दिलात म्हणे?"

"आ करा," म्हटलं.

माझ्या धंद्याचं हे एक बरं आहे. दिवसभर लोकांचे दात साफ करायचे, मी बोलायचं, त्यांनी ऐकायचं. मंडळावर बरोब्बर उलटं. लोक माइकपुढे येऊन तीन-तीन मिनिटं आम्हाला धुतात आणि आम्ही उत्तर द्यायचं नाही. मान हलवायची नाही. चेहरा बटाट्यासारखा ठेवायचा.

५ फेब्रुवारी

पुतण्याची नोकरी गेली. आज जाहीर झालं. एकालाही आश्चर्य वाटलं नाही!

११ फेब्रुवारी

मे महिन्यात करवाढीचं मतदान पुन्हा घ्यायचं ठरलं. नोव्हेंबरमध्ये लोकांनी करवाढ पाडली होती. दर खेपेला गावापुढे झोळी घेऊन उभं राहायचं — घरपट्टी वाढवू द्या हो, नाहीतर शाळा चालणार नाहीत. राज्याकडून येणारा पैसा आटत चाललाय, कारण पोरं कमी झाली. पोरं कमी झाली, कारण राज्यानं दर्जा ठरवताना आमच्या शाळांना तीनच तारे दिले आणि तळ्याकाठच्या गावाला पाच. घर बघायला येणारे आधी तारे बघतात, मग स्वयंपाकघर. आमचे चांगले शिक्षकही तिकडेच जातात. पैसा नाही म्हणून तारे नाहीत, तारे नाहीत म्हणून पोरं नाहीत, पोरं नाहीत म्हणून पैसा नाही. धोबीघाटावरच्या गाढवानंही एवढ्या फेऱ्या मारल्या नसतील.

वॉल्टला जेवताना सांगितलं, घरामागे महिन्याला फक्त वीस डॉलर वाढतील.

वॉल्ट म्हणाला, "तुला मत दिलं होतं ना मी? दिलं. तुझ्या कराला देणार नाही. आपली पोरं शिकून गेली."

नवरा आहे म्हणून चेहरा बटाट्यासारखा ठेवायची गरज नव्हती. ठेवला नाही.

२१ फेब्रुवारी

काल चर्चमध्ये ईस्टरआधीच्या उपवासाचे तळलेले मासे; मांस वर्ज्य, मासा चालतो. रांग पार पार्किंगपर्यंत. मी, माझ्यापुढे ग्लेन, आणि तेवढ्यात मंडळावरची डॉट येऊन उभी राहिली. झालं! पाचातले तिघं एका जागी म्हणजे ती बेकायदा बैठक. लोक फोन काढून फोटोच घेतात. डॉट बिचारी मुकाट्यानं रांगेच्या शेवटी गेली, थंडीत. मासा खायला आलेल्या बाईला मासासुद्धा सुखानं खाता येऊ नये!

बर्नी माझ्यासमोर बसली. धाकटी बहीण, पण रुबाब थोरलीचा. गावात चार प्राथमिक शाळा, त्यातल्या एकीची लायब्ररी ती बघते. घटस्फोटानंतर परत आली तेव्हा ही नोकरी मिळाली म्हणून टिकली. चौघींत ती सगळ्यात नवी. कपात झाली की नव्याचा नंबर आधी लागतो, हे तिलाही पक्कं ठाऊक आहे.

कोबीचं कोलस्लॉ चिवडत म्हणाली, "एकच विचारते. बोलू नकोस. नुसती मान हलव. लायब्रऱ्यांवर कुऱ्हाड येणार आहे का?"

"मला ठाऊक नाही गं." खरंच ठाऊक नव्हतं.

"ठाऊक झालं तर सांगशील?"

"बर्नी, मला सांगता येत नाही."

"सख्ख्या बहिणीला?"

"सख्ख्या बहिणीला तर मुळीच नाही."

"बरं. मग माझं मी बघते," म्हणाली आणि माझ्या ताटातला पिरोगी, बटाटा भरलेली उकडलेली करंजी, उचलून खाल्ला. रागावलेली असली की ती माझ्या ताटातलं खाते. लहानपणापासून.

११ मार्च

दवाखान्याच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून लिहिते आहे. घरी लिहायची सोय नाही.

काल बंद बैठक. बर्नी मला आपण होऊन न्यायला आली — "रस्त्यावर बर्फ आहे, मी सोडते तुला. थांबतेही." माझी गाडी ठणठणीत असताना! पण बरं वाटलं. म्हटलं, राग गेला. आम्ही आत गेलो, ती बाहेर बाकावर लोकर-सुया घेऊन बसली.

आत शाळांच्या सुपरिंटेंडेंटसाहेबांनी कागद वाटले. मेमध्ये करवाढ पडली तर काय काय कापायचं. पहिल्याच ओळीत प्राथमिक लायब्रऱ्या. चारही.

मी मंडळाच्या वकीलबाईंना विचारलं, "माझी बहीण... मी बाहेर जायला हवं ना?"

त्या म्हणाल्या, "अजून नावं नाहीत, नुसती पदं आहेत. तुम्ही बसू शकता. जायचं असेल तर जा. तुमची मर्जी."

मी अर्धी उठलेलीसुद्धा. खुर्ची मागे सरकवली होती. मग विचार आला, मी गेले तर या खोलीत लायब्ररीच्या बाजूनं कोण बोलणार? डॉट? ग्लेन, ज्याचा पुतण्या आत्ताच गेला? बसले परत. आणि भांडले. अशी भांडले की ग्लेन म्हणाला, "आयरीन, आम्ही काही दात काढायला आलो नाही." शेवटी एक लायब्ररी वाचली. चारातली एक. ती सगळ्यात जुन्या बाईला मिळणार. बर्नीला नाही.

तासाभरानं दार उघडलं. बर्नी सुया पिशवीत घालून उठली. गाडीत मला एक अक्षर विचारलं नाही! वाटेत थांबून मला गरम चॉकलेट घेऊन दिलं. वर क्रीम. मी ते गिळत होते आणि ती रेडिओबरोबर गुणगुणत होती.

१२ मार्च

सांगितलं तर कायदा मोडला, मंडळावरून जाईन. आणि करवाढ मंजूर झाली तर उगाच तिचा जीव टांगणीला लावला असं होईल. नाही सांगितलं तर कसली बहीण मी?

कोंडल्यासारखं झालंय. दुसरा शब्द नाही.

२० मार्च

बर्नीनं स्वयंपाकघर पिवळंधमक रंगवलं. खिडकीला नवे पडदे. फोनवर सारखी हसत असते. वॉल्ट म्हणतो, "कुणीतरी भेटलेला दिसतोय." असूही दे. नोकरी गेली तर निदान कुणीतरी असेल.

२८ मार्च

दिवसभर दारोदार करवाढीची पत्रकं. एकानं कुत्रं सोडलं. एका आजीबाईंनी आत बोलावून केक खायला घातला आणि मग म्हणाल्या, "मत मात्र नाही देणार हं पोरी. पेन्शन तेवढीच आहे आणि औषधं वाढलीत." त्यांच्यावर कसं रागवायचं?

६ एप्रिल

काल ईस्टर. सगळे आमच्याकडे. हॅम, अंडी, आईच्या पद्धतीची पोटित्सा, म्हणजे अक्रोड भरलेला गोड पाव. बर्नी जेवताना पुढच्या वर्षाबद्दल बोलत होती. पहिलीच्या पोरांसाठी उशांचा कोपरा करणार, पोरांनी कुत्र्याला गोष्ट वाचून दाखवायची, कुत्रा कुठून आणायचा तेही ठरलंय. सगळे हसले. मीही हसले.

मग भांडी विसळताना आम्ही दोघीच. मला राहवेना. गेलं मंडळ खड्ड्यात, असं वाटलं. म्हटलं, "बर्नी, ऐक—"

तिनं साबणाचा ओला हात माझ्या तोंडावर ठेवला! "नको. सांगू नकोस काही. मला कळलंय."

"काय कळलंय?"

"सगळं. कसं कळलं ते विचारू नकोस. तू नियम मोडू नकोस, आयरीन. गरजच नाही त्याची."

आणि मला मिठी मारली. माझ्या चांगल्या ब्लाउजला सगळा फेस.

तिला ठाऊक आहे! सुपरिंटेंडेंटच्या ऑफिसातून कुणीतरी बोललं असणार. ठाऊक असूनही हसते, उशांच्या गप्पा मारते, मला लाज वाटू नये म्हणून. हे धैर्य कुठून येतं तिला? मी रात्रभर ढाराढूर झोपले. महिन्याभरात पहिल्यांदा.

१९ एप्रिल

किती हलकं वाटतंय. वॉल्ट म्हणाला, आज तू शीळ घालत होतीस.

६ मे

काल पडली. करवाढ पुन्हा पडली. थोडक्यात, पण पडली ती पडलीच.

वॉल्टनं कुठं शिक्का मारला ते मी विचारलं नाही. त्यानं सकाळी माझ्या आधी उठून कॉफी केली. त्यावरून समजले.

दवाखान्यात एक जण म्हणाला, "राग मानू नकोस हं. शाळेवर राग नाही, करावर आहे."

"आ करा," म्हटलं. जरा जोरातच.

बर्नीला फोन केला. "वाईट झालं गं," म्हणाली, "बिचाऱ्या बाकीच्या." बाकीच्या! स्वतःचं काही नाही, दुसऱ्यांचंच दुःख. मला रडू आलं.

१९ मे

काल शेवटची बैठक. आधी बंद दाराआड नावं, मग सगळ्यांसमोर मतदान. या खेपेला वकीलबाईंनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. नावं होती. मी उठले आणि बाहेर येऊन बाकावर बसले. पहिल्यांदाच. गार असतो तो बाक. काचेबाहेरून जाणारा-येणारा बघत होता. बघू दे म्हटलं. जिला कळायला हवं तिला केव्हाच कळलंय.

तेवढ्यात बर्नी आली. काचेचं दार ढकललं आणि मला बघून थबकली. तिथंच. दार हातात तसंच धरलेलं. मी हसले. सरकून तिच्यासाठी जागा केली.

ती बसली नाही.

"तू बाहेर का बसलीस?" एवढंच म्हणाली. तिचा असा आवाज मी आई गेली तेव्हा ऐकला होता.

मी म्हटलं, "अगं, नावं वाचतायत ना..."

नंतर सभागृहात तिघींची नावं वाचली. तिचं तिसरं. मतदानाच्या वेळी माझ्या नावापुढे "मत दिले नाही" असं लिहिलं. ती तिसऱ्या रांगेत होती. मी तिच्याकडे बघत होते, ती दाराकडे. बैठक संपायच्या आत निघून गेली. फोन उचलत नाही.

समजत नाही. तिला तर ठाऊक होतं ना?

२० मे

फोन उचलला नाही. घरी गेले. गाडी होती, दार उघडलं नाही. पिवळ्या स्वयंपाकघरात दिवा चालू होता.

२२ मे

आज तिनंच फोन केला. रडली नाही. रागावलीही नाही. म्हणाली, "मार्चमध्ये तळ्याकाठच्या शाळेनं मला बोलावलं होतं. पगारही जास्त होता. तू सांगणार नाहीस म्हटल्यावर मी ठरवलं, दाराकडेच बघत बसायचं. माझं काही असलं तर तू उठून बाहेर येशील. आलीस, तर त्यांना हो म्हणायचं. तासभर विणत बसले होते, आयरीन. तू आली नाहीस. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना नाही म्हणून कळवलं."