एक्केचाळिसावा पदार्थ आणि माझी इतर मिळकत

मी, मुरारी कोंडाजी चोरगे, वय ५६, धंदा खानावळ व लग्नकार्यातला स्वयंपाक, शिक्षण सातवी, पुढचं स्वतःचं स्वतः, राहणार वरची वाडी, आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी, तालुका पोलादपूर, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. फाल्गुनात माझ्या हृदयात स्टेंट घातला. डोक्यात काही घातलेलं नाही, ते पूर्वीचंच आहे. जीभही शाबूत आहे. आज सकाळी आमटीत चिमूटभर मीठ कमी होतं ते पहिल्या घोटाला कळलं. माझ्यावर कुणाचा दाब नाही. राग आहे, पण तो माझा स्वतःचा आहे.

वकील हर्षद उतेकर यांनी छापील नमुना दिला होता. त्यात "माझी प्रिय कन्या" हे शब्द आधीच छापलेले होते. ते खोडत बसण्यापेक्षा कोरा कागद घेतला.

कलम १. घर. वरच्या वाडीतील राहते घर, पडवी व परसासह, माझी एकुलती मुलगी मानसी हिला. सध्या आमचं बोलणं नाही, पण त्यात घराचा काही दोष नाही. न्हाणीचं दार किंचित उचलून लावावं, नाहीतर लागत नाही.

कलम २. भांडी. तांब्याची दोन तपेली, एक शंभर पानांचं, एक अडीचशेचं, तसेच सर्व झारे, पळ्या व मोठी परात, अठरा वर्षं माझ्याबरोबर कार्यांत राबलेला भरत साळवी यास. कल्हई वर्षातून दोनदा. भरत म्हणतो, "दिवाळीला एकदा केली तरी चालतंय." चालत नाही. खानावळीचा गाळा भाड्याचा आहे, त्यामुळे त्यात कुणाला देण्यासारखं काही नाही.

कलम ३. फणस. शेजारीण राहीबाई शेलार हिच्याशी हद्दीवरच्या बरक्या फणसावरून एकवीस वर्षं वाद आहे. सरकारी मोजणी झाली. बुंधा माझ्या बाजूला सव्वा हात आहे. तरी ती विचारते, "सावली माझ्या अंगनात पडते, तर झाड कुनाचं?" याला मोजणीवाल्यांकडे उत्तर नाही. झाड मानसीचं. फळं मात्र राहीबाईने तिच्या हयातीपर्यंत काढावीत. का, ते लिहितो.

माझी पत्नी कै. सौ. रूपाली, माहेर शिवथर, तापाने गेली, त्याला या आषाढात चार वर्षं होतील. आमच्यात मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारच्या चुलीवरून कडू घास येतो. नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, वर कडुलिंबाचा पाला. पिठीत मीठ नसतं. का नसतं हे कुणी सांगत नाही, खाताना कळतं. आणणारा "जेवा" म्हणत नाही. खाणारा "पुरे" म्हणत नाही, आणि "आणखी" तर मुळीच नाही. आणखी मागणं म्हणजे आणखी एक मयत मागणं. भांडं न धुता उंबऱ्याबाहेर ठेवायचं. आणि हा घास कुणाकडे मागायचा नसतो. आला तर येतो.

त्या दिवशी राहीबाई आली. सतरा वर्षांत पहिल्यांदा तिने आमचा उंबरा ओलांडला. थाळी ठेवली, भिंतीकडे तोंड करून बसली, माझं संपलं तशी उठून गेली. तेराव्याचं जेवण झालं, आणि चौदाव्या दिवशी कुंपणापलीकडून आवाज आला, "मुरारी, फनस माझाच हाय, इसरू नको रे."

मानसी तेव्हा गोव्याला एका मोठ्या हॉटेलात कामाला होती. दरडींनी रस्ते बंद होते. ती तिसऱ्या दिवशी पोचली. तोवर सगळं आटोपलं होतं.

कलम ४. वही. निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी. महाड-पोलादपूरकडचे त्रेचाळीस पदार्थ. छापलेल्यावरून एकही उतरवलेला नाही. त्या त्या घरी तराजू घेऊन गेलो आहे. कुडपणच्या नाचणीला पाणी किती आणि खालच्या पट्टीतल्या नाचणीला किती, हे वेगवेगळं लिहिलं आहे. एक्केचाळिसावा पदार्थ कडू घास. वही पुरी व्हावी म्हणून तोही लिहिला. पीठ किती, पाला किती, आणि शेवटी एक ओळ: "शेवटचा खाल्ला, रूपाली गेली त्या दिवशी."

घाटाच्या पहिल्या वळणाला जुनी खोताची कोठी होती. माझ्या आज्याने पाठीवर भात वाहून तिथे खंड भरला आहे. मुंबईच्या प्रवीणशेठ यांनी ती विकत घेऊन दुरुस्त केली. काम चांगलं केलं, खोटं बोलणार नाही. चुन्याच्या जागी चुना, सागाच्या जागी साग. मग तिचं हॉटेल करून नाव दिलं "हासिएंडा सावित्री". सावित्री आमची नदी, आणि हासिएंडा म्हणजे परदेशातली खोताची कोठीच, असं मानसी म्हणाली. मग खोताची कोठी काय वाईट होती? मानसीला त्यांनी तिथे मुख्य आचारी नेमलं. "इथलंच जेवण द्यायचंय, बाबा, वही द्याल?" म्हणाली. मी वही दिली. छाती फुगवून दिली, हेही लिहून ठेवतो.

मार्गशीर्षात उद्घाटनाच्या दुपारी मला पहिल्या टेबलाशी बसवलं. डोक्यावर इरलं टांगलेलं, इरल्यात बल्ब. जात्याच्या पाळीवर कुंडी आणि कुंडीत निवडुंग, जो आम्ही गुरं अडवायला कुंपणाला लावतो. वाढप्यांच्या अंगात घोंगडीची जाकिटं, बिचारे घामाने निथळत होते. आंबील आली ती औषधाच्या पेल्याएवढ्या काचेत. मग गाडीच्या चाकाएवढी ताटली, मधोमध सुकटीचा फेस. तसा फेस मी आजारी म्हशीच्या तोंडाला पाहिला आहे.

वाढप्याला विचारलं, "हे काय रे?"

"सुकट हाय, काका. चावायचं नाय, फील करायचं."

मी फील केलं. शिसारी आली.

हे सगळं मी माफ केलं असतं. भाकरी मानसीच्या हातची होती, कड न फुटता भाजलेली. पण चौथ्या खेपेला काचेचं झाकण आलं. झाकणात धूर. वाढप्याने झाकण उचललं, धूर पांगला, आणि खाली रुपयाएवढी नाचणीची चकती, पिठीचे तीन ठिपके, त्यावर चिमट्याने ठेवलेलं कडुलिंबाचं एक पान. शेजारी छापील कार्ड: "कडू घास. शोकाची चव. रूपाली गेली त्या दिवशी."

माझ्या बायकोचं मरण दोन घासांच्या मध्ये तोंड साफ करायला ठेवलं होतं.

पलीकडच्या टेबलावर एक बाई मोबाईलने शूटिंग करत होत्या. म्हणाल्या, "किती बिटर, आणि तरी किती सुंदर! अजून एक मिळेल का?" वाढपी म्हणाला, "शुअर मॅम." आणि आणला.

मी उठलो आणि मोठ्याने विचारलं, "मयत कुनाचं झालंय?"

प्रवीणशेठ धावत आले. "काका, बसा ना. हीच तर आपली स्टोरी आहे."

"आपली?"

तेवढ्यात मानसी आतून आली, खांद्यावर फडकं. म्हणाली, "बाबा, तुमच्याच वहीतलं हाय. वजनासकट."

"मयताचं जेवन हाय ते."

"पाला किती तोळे ते लिवलंत. कुनाला वाढू नये, ते कुठं लिवलंत?"

खरं होतं. मी, जो मिठाचा खडा मोजतो, त्याने ते लिहिलं नव्हतं, कारण ते लिहावं लागेल असं मला वाटलंच नव्हतं. खरं बोलणाऱ्या माणसाचा राग जास्त येतो. मी म्हणालो, "आईला विकलंस."

ती रडली नाही. फडकं घडी करत म्हणाली, "मला तो घास मिळाला नव्हता, बाबा. चव कशी असते तेच ठाऊक नव्हतं. तीन महिने करून बघितला. दर वेळी नुसता कडूच लागायचा."

मी हे ऐकलं, आणि तरीही बाहेर पडलो. जाताना माझ्या हाताचा धक्का लागून काचेचं झाकण फुटलं, असं तिथले लोक सांगतात. धक्का नव्हता. पुढे फाल्गुनात छातीत कळ आली. दोन्हींचा संबंध नाही, असं डॉक्टर म्हणतात.

वही आठ दिवसांनी भरतच्या हाती परत आली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, एकही डाग न पडता. ती माझ्या पश्चात मानसीला. बेचाळीस पदार्थ तिने कुठेही, कुणालाही, फेस करूनसुद्धा वाढावेत. मला बघायला लागणार नाही. एक्केचाळिसाव्याबद्दल पुढे कलम ६ पाहावे.

कलम ५. प्रवीणशेठ यांस काही नाही. तरी कलम घातलं आहे, म्हणजे विसरलो असा त्यांचा समज होऊ नये. एक मागणं आहे: कै. सौ. रूपालीचं नाव त्यांच्या कार्डावर असल्यास काढावं. अजून आहे की नाही, ते त्या दुपारनंतर मी पाहिलेलं नाही. त्या वळणावरून जावं लागू नये म्हणून मी दुधाला वरच्या पायवाटेने जातो.

कलम ६. चूल. माझं निधन होईल त्या दिवशी मानसीने आपली चूल विझवावी. कोठीतल्या सहा शेगड्या आणि भिंतीतला ओव्हन तिच्याच हाताखाली आहेत, म्हणून मी ते चुलीतच धरले आहेत. माझं मृत्युपत्र दुसऱ्याच्या हॉटेलावर चालत नाही, असं वकील म्हणाले. बरोबर आहे. हे हॉटेलासाठी लिहिलेलं नाही.

तिने घरी यावं. पडवीत बसावं. दार उघडं ठेवावं. कुणाला फोन करू नये, कुणाकडे काही मागू नये. कोण येईल याचा मला अंदाज आहे, पण नाव घालत नाही. सांगून आणवलेला तो कडू घास नव्हे. याच कारणाने हे कलम कुंपणापलीकडे वाचून दाखवू नये. जे येईल ते खावं. पुरे म्हणू नये. भांडं धुऊ नये.

मग वही उघडावी. एक्केचाळिसाव्या पदार्थाखाली नियम लिहायला मी पाच वेळा बसलो. पाचही वेळा ते नुसतं माप उतरलं. तिथे आठ ओळी कोऱ्या सोडल्या आहेत. त्या मानसीने तिच्या अक्षरात लिहाव्यात. त्या दिवशी तिला येतील.

हे मृत्युपत्र अमलात आणण्याचं काम वकील हर्षद उतेकर यांच्याकडे; कलम ६ त्यांनी मानसीला त्याच दिवशी कळवावं. राहीबाई व भरत यांना साक्षीला घेतलं नाही, कारण ज्याला मिळायचं त्याने साक्ष द्यायची नसते. पूर्वी कुठे काही लिहिलं असेल तर ते रद्द. खाडाखोड एकही नाही, मोजून पाहावी.

सही: मुरारी कोंडाजी चोरगे

आमच्या दोघांच्या देखत त्यांनी सही केली व त्यांच्या देखत आम्ही केली:
१. हर्षद उतेकर, वकील, महाड
२. हैबती कदम, वरची वाडी

स्थळ: वरची वाडी, ता. पोलादपूर
दिनांक: १२ मे २०२५

ता. क. कलम ६ राहीबाईच्या कानावर घालणार नाही, अशी हमी दोन्ही साक्षीदारांनी दिली आहे. हैबतीची हमी मी धरलेली नाही. त्याचं तोंड उभ्या वाडीला ठाऊक आहे, आणि साक्षीला तोच का घेतला, हे मला कुणी विचारू नये.